अनुभवी कोच पाहिजे

2025 च्या जुलैमध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाची जागा भरायला काढली आणि 170 अर्ज आले. त्यात एक अर्ज चावी हर्नांडेझचा होता, एक पेप ग्वार्दिओलाचा. बार्सिलोना गाजवलेली ही दोन माणसं दिल्लीला अर्ज टाकून उत्तराची वाट बघत बसली आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणून मी त्या दिवशी एक प्लेट पोहे जास्त खाल्ले. आधी बातमी आली की चावी फार महाग पडतील म्हणून त्यांचा विचार झाला नाही. मागोमाग महासंघाने खुलासा केला की ते दोन्ही ई-मेल खरे नव्हतेच. फसवणूक झाली ती झाली. पण मधला तेवढा वेळ भारताने चावीला 'परवडत नाही' म्हणून परत पाठवलं होतं, आणि आपल्या फुटबॉलच्या इतिहासात हा क्षण बऱ्याच वरच्या जागी ठेवावा असं माझं मत आहे.

त्याच सुमारास आमच्या क्लबचे कोचही सोडून गेले. राजीनाम्यात त्यांनी 'घरगुती कारण' लिहिलं होतं. खरं कारण कमिटी हे होतं, पण ते लिहायची पद्धत नाही.

इंदुरात फुटबॉलचा क्लब चालवायचा म्हणजे क्रिकेटवाल्यांनी मैदान सोडलं की उरलेल्या उजेडात प्रॅक्टिस करायची. खरा फुटबॉल महूला. तिथे लष्कराची छावणी आहे, पोरं भल्या पहाटे मैदानावर असतात. इंदूरची पोरं भल्या पहाटे झोपायला जातात, कारण सराफ्यातला खाऊबाजार रात्री उशिरापर्यंत उघडा असतो. अशा शहरात आम्ही क्लब चालवतो, ही आमची पुण्याई. लीगमध्ये आम्ही कितवे असतो हे विचारू नये. खालून मोजलं तर लवकर सापडतो.

कमिटीची बैठक रविवारी सकाळी लालबागेत भरते. निम्मी कमिटी तिथे फिरायला येतच असते, उरलेल्या निम्म्यांना पोह्यांचं आमिष पुरतं. लालबाग पॅलेस होळकरांचा. फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाबरहुकूम, आतल्या नाचघराची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसवलेली, आणि भटारखाना थेट नदीच्या पलीकडे. ताटं भुयारातून यायची. 1886 मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत काम सुरू झालं, ते 1921 मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांच्या हातून पुरं झालं. 35 वर्षं आणि तीन राजे. या वाड्याच्या सावलीत बसून आमची कमिटी ठराव करते की नव्या कोचने तिसऱ्या सामन्यापर्यंत निकाल दाखवावा.

जाहिरातीचा मसुदा माझ्याकडे होता. क्लबचं नाव, पत्ता, मानधन हे पटापट झालं. मानधन तर फारच पटापट झालं, आकडा लहान होता. गाडी अडली ती 'अनुभव' या रकान्यावर.

"संबंधित क्षेत्रातला पाच वर्षांचा लिहा," बँकवाले काका म्हणाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी काकांच्या जगात सगळी क्षेत्रं संबंधित आणि असंबंधित अशी दोनच आहेत.

"पाच?" वकीलसाहेब म्हणाले. "ज्याने कुठल्याही कमिटीबरोबर पाच वर्षं काढली त्याला आपण नोकरी नाही, पेन्शन द्यायला पाहिजे."

सेक्रेटरी आमच्यात तरुण. रात्री-बेरात्री इंग्लंडची लीग बघतो आणि रविवारी आर्सेनलचा टी-शर्ट घालून, डोळे चोळत बैठकीला येतो. त्याचं म्हणणं, लायसन्स बघा. युरोपात प्रो लायसन्सशिवाय कोणी उभं करत नाही.

"लायसन्स असलं तर टीमची मिनीबस तोच चालवेल न?" काकांनी विचारलं आणि हिशेबाच्या वहीत काहीतरी खोडलं.

अध्यक्ष दादासाहेब तोवर पोह्यांवर जीरावण भुरभुरत होते. दादासाहेबांचे पणजोबा दरबारात होते. दरबारात नेमके कुठे, हे विचारायची जुन्या इंदुरात रीत नाही. एकाला विचारलं की सगळ्यांनाच सांगावं लागेल. दादासाहेब म्हणाले, "होळकरांनी काय जाहिरात दिली होती का हो? 1923 ला सी. के. नायडूंना बोलावून घेतलं, फौजेत कॅप्टन केलं, संपलं. माणूस ओळखता आला पाहिजे."

यावर इंदुरात कोणी बोलू शकत नाही. होळकर संघाने चौदा वर्षांत रणजीच्या दहा फायनल गाठल्या आणि चार जिंकल्या. उरलेल्या सहांचा उल्लेख दादासाहेब करत नाहीत. त्यातली एक 1944-45 ची, मुंबईविरुद्धची. युद्धामुळे डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत होते. होळकरांनी त्यांनाही खेळवलं, त्यांनी नाबाद 249 काढल्या, आणि तरीही होळकर 374 धावांनी हरले. मोठं नाव आणण्याचा प्रयोग इंदुरात असा आधीच होऊन गेलेला आहे.

पण दादासाहेबांच्या बोलण्यात एक गोष्ट बिनतोड होती, जी त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हती. नायडू इथे आले 1923 ला. होळकरांचा पहिला रणजी करंडक 1945-46 चा. मधली काही वर्षं रणजी स्पर्धाच सुरू झालेली नव्हती, ही सबब मान्य; तरीही त्या वेळी नायडू पन्नाशीला आले होते, आणि 'निकाल दाखवा' म्हणून त्यांच्या दारात कोणी गेलं नव्हतं.

सेक्रेटरीचा आग्रह मात्र करंडकाचा. ज्याने काहीतरी जिंकलंय तोच माणूस घ्या. वर वर पाहता यात चूक काढण्यासारखं काही नाही. जगातले सगळे क्लब हेच करतात, आणि जगातले सगळे क्लब दर दीड-दोन वर्षांनी पुन्हा हेच करतात. एंज पोस्टेकोग्लू यांनी 2025 च्या मे महिन्यात टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली. 17 वर्षांनी त्या क्लबला करंडक दिसला. 16 दिवसांनी क्लबने त्यांना नारळ दिला. सप्टेंबरात नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्यांना मोठ्या हौसेने आणलं आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर, 39 दिवसांत, घरी पाठवलं. आपल्याकडे बाळंतिणीलासुद्धा चाळीस दिवस उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत. या माणसाचा तेवढ्यात बारशापासून बाराव्यापर्यंत सगळा कार्यक्रम उरकला.

गंमत म्हणजे याच फॉरेस्टचं कधीकाळी नशीब उघडलं ते एका हाकललेल्या माणसामुळे. 1974 मध्ये ब्रायन क्लफ यांना लीड्सने 44 दिवसांत काढलं होतं. पुढच्या जानेवारीत ते फॉरेस्टला आले. संघ दुसऱ्या श्रेणीत धडपडत होता. 1978 ला लीग, 1979 आणि 1980 ला लागोपाठ दोनदा युरोपियन कप. लीड्समधल्या 44 दिवसांचं जे काय मोल होतं ते फॉरेस्टला आयतं मिळालं. पैसे लीड्सने भरले होते.

तर माझं म्हणणं मी कमिटीपुढे मांडलं. कोच असा बघा, जो कुठेतरी वाईट हरलाय, ज्याला कोणीतरी काढून टाकलंय, आणि ज्याने हातात फारसं काही नसताना हंगाम निभावून नेलाय. करंडक असला तर असू दे, आपण त्याच्या आड येत नाही.

"हरण्याचा अनुभव तर आपल्यालाच केवढा आहे," वकीलसाहेब म्हणाले. "मग कोच कशाला पाहिजे?"

हा मुद्दा रास्त होता. नुसतं हरून भागत नाही. हरताना काय घडलं ते बघायला डोळे उघडे असावे लागतात, आणि आमच्या क्लबात हार दिसायला लागली की कमिटी चहा प्यायला जाते.

दाखला मला लांबून आणावा लागला नाही. इंदूरकरांनी तो आपल्या डोळ्यांनी पाहिलाय, फक्त तो फुटबॉलमधला नव्हे. 2017 च्या जानेवारीत आपल्याच होळकर स्टेडियमवर रणजीची फायनल झाली, मुंबई विरुद्ध गुजरात. मुंबईचे कोच चंद्रकांत पंडित. आदल्याच वर्षी त्यांनी मुंबईला करंडक मिळवून दिलेला. गुजरातला शेवटच्या डावात 312 हव्या होत्या, पार्थिव पटेलने 143 काढल्या आणि मुंबई हरली. रणजीतलं उपविजेतेपद दुसऱ्या कुठल्या संघाला वर्षभर मिरवायला पुरलं असतं. मुंबईत त्यावर खुलासा द्यावा लागतो. पुढच्या हंगामाला मुंबईचा कोच दुसरा होता. पंडितांना विदर्भाने घेतलं, ज्या विदर्भाने तोवर रणजीची फायनल खेळलेली नव्हती. आणि 1 जानेवारी 2018 ला, त्याच होळकर स्टेडियमवर, दिल्लीला हरवून विदर्भाने करंडक उचलला. रजनीश गुरबानीने फायनलमध्ये हॅटट्रिक घेतली. एकाच मैदानावर वर्षाच्या आत तोच माणूस हरला, मोकळा झाला आणि जिंकला. पुढच्या वर्षी विदर्भाने पुन्हा जिंकून दाखवलं, म्हणजे योगायोग म्हणायचीही सोय राहिली नाही.

पंडितांची खरी शिदोरी मात्र याहून जुनी. 1999 मध्ये पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार होते. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध फायनल. पहिल्या डावात मध्य प्रदेशकडे 75 धावांची आघाडी, म्हणजे सामना नुसता अनिर्णित ठेवला तरी करंडक आपला. शेवटच्या दिवशी फक्त उभं राहायचं होतं. नाही राहता आलं. विजय भारद्वाजने सहा बळी घेतले आणि 96 धावांनी हार झाली. आघाडी घेतलेला संघ कधी सैल पडतो, 'आता काय, झालंच' हे वाक्य ड्रेसिंग रूममध्ये पहिल्यांदा कोण म्हणतं, तिसरा गडी पडल्यावर पुढच्याचे पॅड बांधताना हात कसे थरथरतात, हे त्या दुपारी ज्याने कर्णधार म्हणून सोसलं त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. 2020 मध्ये मध्य प्रदेशने त्यांना कोच म्हणून आणलं. 26 जून 2022, तेच चिन्नास्वामी, समोर मुंबई. सहा गडी राखून मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी जिंकली आणि विजयी धाव काढली ती आपल्या इंदूरच्या रजत पाटीदारने. मुंबईने सोडलेल्या मुंबईकराने मुंबईला हरवून इंदूरला करंडक आणला, यावर दादासाहेबांनी दुसरी प्लेट मागवली.

"पण ते क्रिकेट," सेक्रेटरी म्हणाला. "फुटबॉलमधलं सांगा."

फुटबॉलमधलं तर त्याच्याच फोनवर होतं. त्या 170 अर्जांतून महासंघाने शेवटी खालिद जमील यांना निवडलं. या माणसाने मुंबई एफसीत सात हंगाम काढले. पैसा बेताचा, खेळाडू मिळतील ते, आणि दरवर्षीचं ध्येय एकच, खाली घसरायचं नाही. तिथून त्यांना मोकळं केलं, तेव्हा ऐझॉलने उचललं. ऐझॉलची गोष्ट आणखी मजेची. तो क्लब आय-लीगमधून बाहेर फेकला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं म्हणून जागा भरायला त्यांना परत बोलावलं. भरतीला आलेल्या त्या संघाने 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये लाजाँगशी बरोबरी करून आख्खी लीग जिंकली. ईशान्येकडचा पहिला विजेता. सात वर्षं तळाशी दम धरून पोहलेल्या माणसाला घसरगुंडीची भीती नव्हती, एवढंच त्याचं रहस्य असावं.

आता जमील राष्ट्रीय कोच झाल्यावर काय झालं, तेही सांगायला हवं, नाहीतर सेक्रेटरी सांगेल. सप्टेंबरात मध्य आशियाच्या स्पर्धेत संघाने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर काढला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांचा सडा पडला. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून हरलो, आशियाई कपाचं दार बंद झालं, आणि त्याच ग्रुपवर त्याच अंगठ्यांनी 'हटाव' सुरू केलं. जमील यांच्या आधीच्या आधीचे कोच, इगोर स्टिमाच, यांच्या काळात सामन्याआधी खेळाडूंची यादी ज्योतिषाकडे गेल्याच्या बातम्या 2023 मध्ये छापून आल्या होत्या. ही बातमी मी चुकून बैठकीत काढली. दादासाहेबांचा चेहरा उजळला. अर्जासोबत जन्मवेळ मागवावी, हा ठराव एका मताने फेटाळला गेला आणि ते मत वकीलसाहेबांचं होतं, म्हणून टिकलं.

या सगळ्यात दिवाळी उलटली. पोरं कोचशिवाय खेळत होती आणि दुःखाची गोष्ट म्हणजे निकाल पूर्वीसारखेच लागत होते. शेवटी फाटकाजवळच्या बाकावर मुलाखती घेतल्या.

पहिला उमेदवार लॅमिनेट केलेली फाइल घेऊन आला. त्यात एका मोठ्या खेळाडूबरोबर विमानतळावर काढलेला फोटो होता, ज्यात खेळाडू दुसरीकडे बघत होता. आपली 'फिलॉसॉफी' हाय प्रेसची आहे असं त्याने सांगितलं. काका म्हणाले, प्रेसचं आम्ही बघून घेऊ, शहरातले सगळे पेपरवाले ओळखीचे आहेत. दुसरे उमेदवार स्वतः एके काळी सेंटर फॉरवर्ड होते. त्यांनी आपले गोल सांगायला घेतले. उन्हं डोक्यावर आली तरी ते पूर्वार्धातच होते.

तिसरे महूकडचे, एका शाळेत पीटी शिकवणारे. शाळामास्तर म्हटल्यावर सेक्रेटरीने तोंड वाकडं केलं, तेव्हा मला त्याला आठवण करून द्यावी लागली की सय्यद अब्दुल रहीमही हैदराबादचे शाळामास्तरच होते. 1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णं, 1956 च्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, सगळं त्यांच्या हाताखालचं. जाकार्ताला 1962 मध्ये जर्नेल सिंग या बचावपटूचं डोकं फुटलं, टाके पडले. रहीम यांनी त्याला बाहेर न बसवता पुढे, आघाडीला खेळवलं, आणि त्याने सेमीफायनलला गोल केला, फायनलला दक्षिण कोरियावरही केला. जे पोर एका बाकावर चालत नाही ते दुसऱ्या बाकावर चालेल का, हा मास्तरांचा रोजचाच हिशेब.

हे सर फाइल आणायचे विसरले होते. खिशात हवा भरायचा पंप होता. त्यांनी आधी चेंडू मागितले. आमचे चार चेंडू जाळीतून बाहेर काढले, एकेकावर दोन्ही अंगठे रोवून बघितलं, कमरेच्या उंचीवरून सोडून बघितलं, मग सुईला थुंकी लावून एकात हवा भरली आणि कानाशी धरून थोडा वेळ बसले. कमिटीही गप्प बसली. आमच्या बैठकीत एवढी शांतता पहिल्यांदाच होती.

"दोन ठीक आहेत," सर म्हणाले. "या दोघांचं ब्लॅडर गेलंय. पोरं किती?"

"बावीस-तेवीस."

"बूट किती जणांकडे?"

हे कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी वही चाळल्यासारखं केलं.

"सकाळी काय खाऊन येतात?"

"पोहे," सगळे एका सुरात म्हणाले, कारण एवढं तरी आम्हाला माहीत होतं.

काकांनी मग अनुभव विचारला. सरांनी तीन क्लबांची नावं घेतली. तिन्हींनी काढलं होतं. पहिल्याने, अध्यक्षांच्या भाच्याला बाहेर बसवलं म्हणून. दुसऱ्याने, मैदान लग्नाला दिलं होतं त्या दिवशी हे पोरांना घेऊन मांडवात शिरले म्हणून. "तिसऱ्यांनी का काढलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही," ते म्हणाले. "त्यावरूनच सगळ्यात जास्त शिकलो."

"काय शिकलात?" वकीलसाहेब पुढे सरकले.

"आधी विचारून घ्यायचं. तुमच्याकडे मला काढायचा अधिकार कोणाला आहे?"

"अध्यक्षांना," दादासाहेब म्हणाले.

"कमिटीला," वकीलसाहेब म्हणाले. "घटनेत आहे."

"मानधन खजिनदार देतो," काका म्हणाले, "म्हणजे बंद करायचं तर खजिनदारच करणार न?"

सेक्रेटरीचं म्हणणं पडलं की हा शुद्ध तांत्रिक विषय आहे आणि तो सेक्रेटरीच्या अखत्यारीत येतो. दादासाहेबांनी पणजोबा काढले. वकीलसाहेबांनी घटनेची झेरॉक्स मागितली. ती जुन्या कोचकडे राहिली होती. उपसमिती नेमायची ठरली, पण उपसमितीत कोण यावर पुन्हा मतं पडली. सरांनी तोवर चांगले दोन चेंडू जाळीत टाकले, उद्या साडेपाचला पोरांना पाठवा म्हणाले आणि स्कूटर चालू करून निघून गेले.

त्यांना काढायचं कोणी, हे अजून ठरलेलं नाही. त्यामुळे प्रॅक्टिस चालू आहे.